स्मृतिभ्रंश : निदानानंतर घरी कोण येणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २१ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनाच्या सुमारास, स्मृतिभ्रंशाविषयी बरेच छापून येते. लक्षणे कोणती, आहार कसा असावा, मेंदूला चालना कशी द्यावी, हे सारे त्यात असते आणि ते वाचून काही कुटुंबे वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचतात, हे मी पाहिले आहे. परंतु निदानानंतर हा आजार कित्येक वर्षे चालतो आणि त्यातला बहुतेक सगळा काळ रुग्णालयाबाहेर, आपल्या घरातच काढायचा असतो. त्या काळात त्या घराला आधार कोणाचा, यावर फारसे काही वाचायला मिळत नाही. मी शासकीय सेवेतून निवृत्त झालेली परिचारिका असून नाशिक रोड, जेल रोड आणि देवळाली गाव या भागांतील अशा घरांमध्ये माझे नियमित जाणे-येणे आहे. त्या अनुभवातून, आणि या क्षेत्रात आपल्या देशात व बाहेर कामाच्या ज्या नव्या पद्धती रुजल्या आहेत त्यांच्या आधाराने, एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. निदान झालेल्या प्रत्येक कुटुंबासाठी एक ठरलेली, नावानिशी ओळखीची आणि घरी येणारी आरोग्यसेविका असावी, ही ती मागणी आहे.

'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश असून त्यांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. एखाद्या वसाहतीत साठी ओलांडलेले शंभर जण राहत असतील, तर त्यांपैकी सरासरी सात जण या आजाराचे आहेत, असा याचा अर्थ होतो. ते ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर किंवा जॉगिंग ट्रॅकवर दिसत नाहीत, कारण हिशेब चुकल्यावर, समोरच्याचे नाव न आठवल्यावर चारचौघांत एकदोनदा हसे झाले की माणूस बाहेर पडणेच सोडून देतो. मग घरचेही 'वय झालं, चालायचंच' म्हणून गप्प बसतात.

निदानापर्यंतच्या टप्प्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण तेथे किमान काही सोयी तरी आहेत. विसरण्याची प्रत्येक तक्रार स्मृतिभ्रंशाची नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साचलेले रक्त यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार होऊ शकतात. म्हणून पहिली तपासणी डॉक्टरांकडूनच व्हायला हवी आणि ती शासकीय रुग्णालयात होऊ शकते. अडते ते त्यानंतर. माझ्या ओळखीतील एका गृहस्थांचा शहरातल्या एका खासगी रुग्णालयात एमआरआय झाला, निदान सांगितले गेले, डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरील औषधाची चिठ्ठी हातात आली आणि 'सहा महिन्यांनी दाखवा' असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले गेले. डॉक्टरांनी जे केले ते वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते. मात्र त्या गृहस्थांच्या पत्नीच्या मनातले प्रश्न निराळे होते. गॅस चालू राहिला तर काय करायचे, बँकेत सही जुळत नाही त्याचे काय, रात्री कडी काढून बाहेर गेले तर कुठे शोधायचे, पुण्याच्या मुलीला आत्ताच कळवायचे की नाही, हे प्रश्न विचारायला त्यांना जागाच नव्हती. त्या माउलीने ते सारे प्रश्न घरी परत आणले आणि पुढचे वर्षभर एकटीने वाहिले.

या अडचणीवरचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात तपासून झालेले आहे. तेथील दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांना घेऊन एक प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांना लगेच आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनंतर सेवा द्यायची, आणि कोणाला कधी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवायचे, अशी त्याची रचना होती. घरी जाणारे सल्लागार डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. ते स्थानिक, तेथील भाषा बोलणारे, थोडक्या दिवसांत या कामासाठी प्रशिक्षित केलेले कार्यकर्ते होते आणि त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. ठराविक दिवसांनी घरी जायचे, आजार समजावून सांगायचा, त्रासदायक वर्तनावर काय करता येईल हे घरच्यांसोबत बसून ठरवायचे, गरज पडल्यास औषधासाठी तज्ज्ञांकडे न्यायचे, एवढेच त्यांचे काम. सहा महिन्यांनंतर सेवा मिळालेल्या घरांतील सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारलेले दिसले आणि त्यांच्यावरचा ताणही कमी झालेला आढळला. यासाठी नवी इमारत लागली नाही की महागडे यंत्र लागले नाही. नियमित येणारे, प्रशिक्षित माणूस लागले. पुढे केरळ सरकारने २०१४ मध्ये, १९९२ पासून याच विषयात काम करणाऱ्या 'एआरडीएसआय' या संस्थेच्या सोबतीने, दिवसभराच्या व पूर्णवेळ देखभाल केंद्रांचा उपक्रम सुरू केला. तेथे राज्य सरकारने हा प्रश्न आपला मानला, ही मला त्यातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते.

नाशिकमध्ये हे करायचे म्हटले तर सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही. आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो सीबॅक, म्हणजे आरोग्याच्या प्रश्नावलीचा, फॉर्म भरतात, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी काही वेगळे प्रश्न आहेत. जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का, असा एक प्रश्न त्यात छापलेलाच आहे. जेवण, कपडे, अंघोळ, शौचालय यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, हाही आहे. अशा उत्तरांनंतर त्या व्यक्तीला जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवायचे असते. पण रक्तदाबाची किंवा मधुमेहाची नोंद जशी पुढे तपासणीपर्यंत आणि औषधापर्यंत जाते, तशी या नोंदीची वाट पुढे जाताना मला दिसत नाही. म्हणजे विस्मरण सुरू झालेल्या माणसापर्यंत आपली यंत्रणा पोहोचते, प्रश्न विचारते, उत्तर लिहून घेते आणि तेथेच थांबते.

ही वाट पुढे नेण्याचे काम मात्र आशांवरच टाकू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यांच्याकडे आधीच इतकी रजिस्टरे आहेत की आणखी एक लादल्यास ते भरले जाईल, पण घरात बसून तासभर ऐकून घेणे होणार नाही. महापालिकेच्या प्रत्येक शहरी आरोग्य केंद्रात या कामासाठी एक स्वतंत्र सेविका असावी. ती एएनएम किंवा जीएनएम, म्हणजे परिचर्येचे शिक्षण घेतलेली असावी, निवृत्त परिचारिकांचाही विचार व्हावा. तिच्याकडे मोजकीच कुटुंबे असावीत आणि तिला फोनवर सल्ला देण्याची जबाबदारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मानसोपचारतज्ज्ञ व समाजसेवक यांच्याकडे लेखी स्वरूपात सोपवलेली असावी. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध विभाग अपेक्षित आहे. पडल्यामुळे किंवा जंतुसंसर्गामुळे अचानक गोंधळलेल्या रुग्णासाठी तिने थेट त्या विभागाशी बोलून जागा मिळवावी, म्हणजे नातेवाइकांना अपघात विभागाच्या दारात ताटकळावे लागणार नाही.

ही सेविका घरी येऊन नेमके काय करील, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. जेल रोडच्या एका घरातील उदाहरण देते. तेथील आजी अंघोळीला ठाम नकार देत. सून रोज समजावी, मग आवाज चढे आणि शेवटी दोघीही रडत. न्हाणीघर पाहिल्यावर पुष्कळ काही उलगडले. शॉवरचे पाणी एकदम डोक्यावर येत होते. फरशी पांढरी आणि चकचकीत असल्याने पाय कुठे टेकवायचा याचा आजींना अंदाज येत नव्हता. कोणीतरी दार लावून आपल्याला कपडे काढायला सांगते आहे, एवढेच त्यांना समजत होते आणि आयुष्यभर अंगभर लुगडे नेसलेल्या बाईला त्याची भीती वाटणे अगदी स्वाभाविक होते. मग बादली आणि तांब्या आणला, बसायला पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवली, फरशीवर गडद रंगाची रबरी चटई अंथरली आणि खांद्यांवरून जुने सुती पातळ पांघरून त्याच्या आतूनच, आधी पायांवर व मग पाठीवर, पाणी घालायला सुरुवात केली. 'आई, अंघोळ करा' हे वाक्य सुनेने सोडले आणि 'आई, देवाची फुलं काढून ठेवलीत, अंगावर पाणी घेऊ आणि पूजेला बसू' असे ती म्हणू लागली. नकार पूर्ण थांबला असे नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस अंघोळ शांतपणे होऊ लागली. कोणत्याही गोळीने हे झाले नसते आणि ओपीडीतल्या पाच मिनिटांत हे कोणाला दिसलेही नसते.

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड येथे स्मृतिभ्रंशाचे अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात जो विचार मांडला, त्याचे हे घरगुती रूप आहे. आजार ध्यानात घ्यायचा, पण त्याआधी माणूस पाहायचा, त्याचे आयुष्य, सवयी, मानापमान समजून घ्यायचे, आणि त्याच्या त्रासदायक वागण्यात तो काय सांगू पाहतो आहे हे शोधायचे, असा तो विचार आहे. आज अनेक देशांतील देखभाल केंद्रांमध्ये प्रत्येक रुग्णाचे एक जीवनपत्रक तयार केलेले असते. त्यात त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, त्याने काय काम केले, काय खातो, कशाला घाबरतो, हे एका पानावर लिहिलेले असते आणि पाळी बदलली की येणारी व्यक्ती आधी ते वाचते.

असे एक पान नाशिकमध्ये किती उपयोगी पडते, हे नाशिक रोडच्या एका काकांच्या बाबतीत मी पाहिले. त्यांची सारी नोकरी नोटांच्या छापखान्यात गेली. संध्याकाळ झाली की ते चादरीची कडा अंगठ्याने एकसारखी उलटत बसत आणि कोणी थांबवले तर हात उगारत. घरी रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून नव्याने आलेल्या मुलाला हे भ्रमिष्टपणाचे वाटले आणि तो त्यांच्या हातातून चादर ओढून घेऊ लागला. काकांचे आयुष्य कागद मोजण्यात गेले आहे, हे त्यांच्या पुतण्याने सांगितल्यावर रोज पाच वाजता कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवायचे ठरले. काका कागद मोजतात, कडा जुळवतात, टेबलावर आपटून गठ्ठा सरळ करतात, बाजूला ठेवतात आणि पुढचा घेतात. जेवणाची वेळ होईपर्यंत त्यांना दुसरे काही लागत नाही. छापखाने, एचएएल, तोफखाना केंद्र, सातपूर आणि अंबडचे कारखाने यांतून निवृत्त झालेल्या हजारो कामगारांचे हे शहर आहे. त्यांच्या हातांना असलेल्या सवयी कोणीतरी विचारून लिहून ठेवायला हव्यात आणि त्या विचारण्याची वेळ आजार बळावण्याआधीची आहे.

औषधांबद्दलही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. रुग्ण ओरडतो, रात्रभर जागतो, मारायला धावतो, तेव्हा घरचे हतबल होऊन 'डॉक्टर, काहीतरी गोळी द्या' म्हणतात आणि बऱ्याचदा मनोविकारांवरील तीव्र औषधे सुरू होतात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००५ मध्येच दिला आहे. काही रुग्णांना ती लागतात आणि तेव्हा ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी मात्रेत व मुदत ठरवून द्यावी लागतात. पण त्याआधी दुखते आहे का, लघवीला जळजळ आहे का, पोट साफ आहे का, कवळी टोचते आहे का, कानात मळ आहे का, हे पाहायला हवे. स्वतःचे दुखणे सांगता न येणारा माणूस ते आरडाओरडा करूनच सांगतो. घरी जाणारी सेविका हे सर्व पाहू शकते आणि डॉक्टरांना नेमकी माहिती देऊ शकते. त्याचबरोबर कान, डोळे, रक्तदाब व साखर यांच्याकडे तिने घरातल्या बाकीच्या ज्येष्ठांच्याही बाबतीत लक्ष द्यावे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोक्याचे घटक सांगितले असून त्यांत श्रवणदोष व उपचार न झालेले दृष्टिदोष आहेत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी मिळणारे ३,००० रुपये चष्म्यासाठी व श्रवणयंत्रासाठी वापरता येतात, पण अर्ज कोणी भरून द्यायचा, तेथे बहुतेकांचे अडते.

आता ब्युरोच्या मावशींविषयी. आपल्या शहरात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची प्रत्यक्ष सेवा ज्या करतात, त्या बहुसंख्येने याच बायका आहेत. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या, सिडको, पंचवटी, फुलेनगर किंवा आसपासच्या खेड्यांतून सिटीलिंकच्या बसने येणाऱ्या या स्त्रियांना कामावर पाठवताना अनेकदा फक्त 'म्हाताऱ्या बाई आहेत, डायपर आहे' एवढेच सांगितलेले असते. घास भरवताना मान कशी ठेवायची म्हणजे ठसका लागणार नाही, रुग्णाने चोरीचा आळ घेतला तर काय बोलायचे, 'मला माझ्या घरी जायचंय' असे तो स्वतःच्याच घरात बसून म्हणू लागला तर काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. तरीही त्यांच्यातील कित्येकजणी उपजत शहाणपणाने हे शिकतात. एका मावशींना मी पाहिले. आजी घरी जायचा हट्ट धरून बसल्या की त्या वाद घालत नाहीत. 'चला आजी, पण उन्हं उतरू द्या' म्हणून त्या त्यांना चपला घालायला देतात, इमारतीभोवती एक फेरी मारून आणतात, वाटेत तुळशीच्या कुंडीपाशी थांबतात, आणि परत दारात आल्यावर 'आलं बघा घर' म्हणतात. हे कौशल्य आहे आणि त्याची किंमत त्यांच्या पगारात दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ब्युरो माणूस बदलते, हाती आलेला हा अनुभव त्या बाईसोबत निघून जातो आणि नव्या चेहऱ्याशी जुळवून घेणे रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

या बाबतीत नाशिकइतकी सोय महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्या शहराला क्वचितच असेल. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथे आहे आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही येथेच आहे. पहिल्याकडे वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार यांतील ज्ञान आहे, तर दुसऱ्याकडे शाळा मध्येच सुटलेल्या, दिवसभर काम करणाऱ्या स्त्रीपर्यंत मराठीतून शिक्षण नेण्याची रीत आहे. दोन्ही विद्यापीठांनी मिळून स्मृतिभ्रंशाच्या घरगुती देखभालीचा एक छोटा, मराठीतील, प्रात्यक्षिकांवर भर देणारा अभ्यासक्रम तयार करावा आणि महापालिकेने अशा ब्युरोंची नोंदणी करताना त्या प्रमाणपत्राची अट हळूहळू लागू करावी. प्रमाणपत्र असलेल्या मावशींना ठरावीक किमान मोबदला, आठवड्याची सुटी आणि एकाच घरी किमान काही महिने सलग काम, एवढे त्यातून साधले तरी रुग्ण आणि मावशी दोघांचेही भले होईल.

हे लिहिताना, ज्या घरांना ब्युरोचे पैसेच परवडत नाहीत त्यांचा विचार सतत मनात आहे. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला ईपीएस-९५ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली मिळणारे निवृत्तिवेतन किती तुटपुंजे असते, हे सातपूर-अंबडकडच्या वाचकांना सांगायला नको. २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. स्मृतिभ्रंशाचा रोजचा खर्च घरात होतो, डायपर, औषधे आणि कोणाची तरी सुटलेली नोकरी यांत होतो. ती नोकरी बहुतेक वेळा सुनेची किंवा मुलीची असते. अशा स्त्रीला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळाल्या, तर तिला स्वतःचा रक्तदाब दाखवता येतो, बँकेचे काम उरकता येते, नुसते झोपताही येते. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभागृहांत दुपारच्या वेळी जागा मोकळी असते. तेथे आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षित दोन व्यक्तींच्या देखरेखीखाली आठ-दहा रुग्णांना एकत्र आणता येईल.

तेथे काय करायचे, याचाही अभ्यास झालेला आहे. आकलनाला चालना देणारी एक गटपद्धती इंग्लंडमध्ये तयार झाली आणि २००३ मध्ये तिच्या उपयुक्ततेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत आठवड्यातून दोन याप्रमाणे १४ बैठका असतात, प्रत्येक बैठकीला एक विषय असतो, आणि स्मरणशक्तीची परीक्षा न घेता गप्पा, वस्तू, गाणी, वास, चित्रे यांतून विचारांना वाट दिली जाते. चेन्नईत ती आपल्याकडील माणसांसाठी जुळवून घेतली गेली. नाशिकला ती मराठीत आणायची तर साहित्य हाताशीच आहे. जात्यावरच्या ओव्या, जुनी नाणी, द्राक्षाच्या छाटणीची कात्री, निवडायला ताटभर डाळ, पंचवटीची जुनी छायाचित्रे यांवर आपले आजी-आजोबा तासभर बोलू शकतात. अक्षरओळख नसलेल्या आजींनाही त्यात भाग घेता येतो, हा मला तिचा विशेष मोठा गुण वाटतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांचे चित्र वेगळे आहे. सुरगाणा किंवा पेठ येथून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचे तर घरातील एकाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते आणि प्रवासाने आधीच गोंधळलेला रुग्ण अधिक बिथरतो. तेथे ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेद्वारे प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच तज्ज्ञांचा सल्ला मिळण्याची सोय वापरावी. आदिवासी पाड्यांवर वृद्धांना सांभाळण्याच्या ज्या जुन्या पद्धती आहेत, त्या तेथील आशांकडून आधी समजून घ्याव्यात आणि शहरात छापलेली पत्रके तेथे नुसती वाटून येऊ नये.

शेवटचा मुद्दा २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने मांडते, कारण त्याच्या नियोजनाची कामे सुरू असताना तो लक्षात घेतला गेला पाहिजे. रामकुंडावर, गोदाघाटावर आणि त्र्यंबकेश्वरी पर्वणीच्या दिवशी हरवलेल्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात. परंतु ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही आणि आपण हरवलो आहोत हेच कळत नाही, असा माणूस त्या कक्षापर्यंत पोहोचतच नाही. जपानने २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, पोलीस, शाळकरी मुले अशा सामान्य नागरिकांना साधारण दीड तासाचे प्रशिक्षण देऊन 'स्मृतिभ्रंश-मित्र' तयार केले आणि त्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. आपल्याकडे सिंहस्थासाठी पोलीस, गृहरक्षक दल, स्वयंसेवक, बसचे वाहक यांचे प्रशिक्षण होणारच आहे. त्यात अर्धा तास या विषयाला द्यावा. समोरून जावे, हात धरून ओढू नये, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा, 'दादा, चहा घेऊ या का' म्हणून सावलीत बसवावे आणि कपड्यांच्या आत शिवलेला फोन क्रमांक पाहावा, एवढे त्यांना कळले तरी अनेक कुटुंबांवरचा अनर्थ टळेल. कुटुंबांनीही यात्रेला आणताना असा क्रमांक सदऱ्याच्या किंवा ब्लाउजच्या आतील बाजूस शिवावा व निघण्यापूर्वी त्या दिवशीच्या कपड्यांत एक छायाचित्र काढून ठेवावे.

महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने सर्व काही एकदम करावे, अशी माझी अपेक्षा नाही. नाशिक रोड आणि पंचवटी येथील एकेक शहरी आरोग्य केंद्र आणि सुरगाणा तालुक्यातील एक प्राथमिक आरोग्य केंद्र, अशा तीन ठिकाणी एका वर्षासाठी प्रत्येकी एक सेविका नेमावी. सीबॅक फॉर्ममध्ये विस्मरणाच्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर आलेल्या घरांपासून तिने सुरुवात करावी. वर्षअखेर किती रुग्ण पडले, किती जणांना रुग्णालयात न्यावे लागले, किती घरांत गुंगीची औषधे कमी करता आली आणि सांभाळ करणाऱ्या व्यक्तीची झोप व तब्येत कशी आहे, या गोष्टी नोंदवून त्या जाहीर कराव्यात. या कामासाठी आम्ही काही निवृत्त परिचारिका विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत आणि तसे पत्र महापालिकेच्या आरोग्य विभागाला देत आहोत.

तोपर्यंत ज्या वाचकांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या 'एल्डरलाइन'वर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर फोन करावा. दोन्ही सेवा मोफत आहेत आणि रुग्णाला सांभाळणाऱ्यानेही तेथे स्वतःविषयी बोलायला हरकत नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
नाशिक रोड